पाहुण्यांसमोर न टाकलेला थेंब

शंकासुरांचं पत्र अत्यंत सभ्य होतं, आणि म्हणूनच प्रयोगशाळेचं धाबं दणाणलं.

शंकासुर हे अर्थात त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. इतरांनी छापलेले प्रयोग स्वतःच्या हाताने करून बघायचे आणि तसं काही झालं नाही तर नम्रपणे कळवायचं, हा त्यांचा विरंगुळा. कुणी तिकिटं जमवतं, कुणी गुलाब लावतं. शंकासुरांनी आजवर चार शोधनिबंध मागे घ्यायला लावले होते. चारही पत्रांची सुरुवात ‘आपला निबंध अतिशय आवडीने वाचला’ अशी होती. हे पाचवं पत्रही तसंच सुरू होत होतं.

पुढे लिहिलं होतं: ‘आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही पेशींना मेदाम्ल दिलं आणि तासाभराने त्यांच्यावर ऑक्सिडीकरणाचा मारा केला. आपल्या पेशी जगल्या, याबद्दल अभिनंदन. आमच्या मेल्या. तीन वेळा मेल्या. सोमवारी येऊन आपली पद्धत प्रत्यक्ष पाहावी असा विचार आहे. पाच दिवस राहीन. माझ्यासाठी वेगळी व्यवस्था नको.’

निबंध जिचा होता ती संशोधक मुलगी पत्र वाचून जवळच्या स्टुलावर बसली. स्टुलावर कुणाची तरी ओली हातमोज्यांची जोडी होती, तेही तिला कळलं नाही. प्रबंधाला तिने सहा वर्षं घातली होती. पाचवं वर्ष उलटलं तेव्हा धाकट्या भावाने घरात तिचं नाव ‘पंचवार्षिक’ ठेवलं, ते प्रयोगशाळेपर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण चिकटलं. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता, आणि त्या प्रबंधाचा सगळा भार या एका निबंधावर होता. निबंध गेला की प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला की पुन्हा पहिल्यापासून.

“येऊ देत की,” आत्या म्हणाल्या. “माझ्या पेशी काय लाजऱ्या आहेत?”

आत्या म्हणजे इथल्या पेशी वाढवणाऱ्या तंत्रज्ञ. फार वर्षांपूर्वी त्यांचा खरोखरचा भाचा इथे शिकायला होता. तो त्यांना आत्या म्हणे म्हणून सगळेच म्हणू लागले. भाचा शिकून गेला, नोकरीला लागला, त्याला टक्कल पडलं. आत्या मात्र जगाच्या आत्या होऊन राहिल्या. बावीस वर्षं त्या यकृताच्या पेशी वाढवत होत्या. सदतीस अंशांच्या उबदार कपाटात, तळहातावर मावतील अशा काचेच्या डिशेसमध्ये, गुलाबी पाण्यात. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, दाटी झाली की वेगळ्या डिशेसमध्ये घरं करून द्यायची. कपाटाचं दार त्या कधी आपटत नसत. “दचकतात,” म्हणत. विज्ञानाला याचा पुरावा नव्हता, पण आत्यांच्या पेशी मरत नाहीत याचा होता.

आता हा निबंध काय म्हणत होता ते सांगायला हवं, आणि ते सांगताना गंभीर राहणं अवघड आहे, कारण गोष्टच तशी आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, मेदाचा. पडदा कसला, दाटीवाटीने उभ्या असलेल्या लांब शेपट्यांची गर्दी. त्यातल्या काही शेपट्या सरळ, ताठ, शिस्तीच्या. यांना संपृक्त म्हणतात. सगळ्याच तशा असत्या तर पडदा थंड लोण्यासारखा घट्ट बसला असता आणि आपण जन्मलोच नसतो. म्हणून निसर्गाने मध्ये मध्ये वाकड्या शेपट्या पेरल्या. या असंपृक्त. जिथे दुहेरी बंध तिथे वाकण; आणि निबंधातलं मेदाम्ल तर सहा ठिकाणी वाकलेलं, म्हणजे वाकडेपणातलं सराईत. या वाकड्या मंडळींना शेजाऱ्याला खेटून नीट उभंच राहता येत नाही. त्यामुळे पडदा सैल राहतो, वाहता राहतो. तुम्ही हे वाक्य वाचताय ते डोळ्यांतल्या असल्याच वाकड्या शेपट्यांच्या मेहेरबानीवर.

पण जिथे वाकण तिथेच कच्चेपण. दोन वाकणांच्या मध्ये एक हायड्रोजन असतो, तो फारच सैल बसलेला. पेशी श्वास घेते तेव्हा तिच्या पोटात काही उचले कण तयार होतात, ज्यांचं काहीतरी हरवलेलं असतं. असा एक कण येतो आणि तो सैल हायड्रोजन उचलतो. पुढचं कचेरीतल्या छत्र्यांसारखं. एकाची छत्री कुणी उचलली, की तो शेजारच्या खुंटीवरची उचलतो. तो तिसऱ्याची. तिसरा चौथ्याची. एकही माणूस चोर नाही, आणि तरी संध्याकाळपर्यंत सबंध कचेरी लुटली गेलेली असते. पडद्यात हे सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत होतं, आणि दरवेळी एक शेपटी तुटते. शेवटी पडदाच फाटतो. छत्री गेल्यावर मुकाट भिजत घरी जाणारं कुणी भेटलं तरच हे थांबतं. पेशीत असा सज्जनपणा करणारी मोजकी मंडळी असतात, ई जीवनसत्त्व त्यांपैकी एक.

थोडक्यात, पेशीला वाकड्या शेपट्यांचं मेदाम्ल जास्त दिलं तर ती लवकर पेट घ्यायला हवी. पंचवार्षिकचा निबंध उलट सांगत होता. आधी मेदाम्ल दिलेल्या पेशी मारा झाल्यावर जास्त जगल्या. अकरा वेळा केलेल्या प्रयोगात अकरा वेळा. तिच्या मार्गदर्शक मॅडम, ज्या आपल्या आयुष्यात फक्त दोनदा हसल्याचं बोललं जातं, त्या हा आलेख पाहून “अरे” म्हणाल्या होत्या.

सोमवारी शंकासुर आले. नावावरून कुणी उंचापुरा माणूस असेल असं वाटावं, तर बुटके, मऊ आवाजाचे, स्वेटर घातलेले. हातात घडीचं स्टूल. कुणाच्याही पाठीमागे बसता यावं म्हणून ते स्वतःचं स्टूल घेऊन हिंडत.

“चहा घेता?” आत्यांनी विचारलं.

“काम झाल्यावर. मी इथे नाहीच असं समजा,” ते म्हणाले, आणि आत्यांच्या मागे हातभर अंतरावर स्टूल उघडून बसले.

सोमवार म्हणजे तयारीचा दिवस. आत्यांनी बारा डिशेस मांडल्या, त्यांवर खुणा केल्या: सहांना उद्या मेदाम्ल मिळणार, सहांना नाही. मग अतिथंड कपाटातून गडद काचेची बोटभर कुपी काढली. हवा लागली की हे मेदाम्ल खवट होतं, म्हणून तोंडावर नायट्रोजनचा हलका झोत धरून त्यांनी ते एका छोट्या नळीत प्रथिनाच्या द्रावणात मिसळलं. उद्याचा वाटा वेगळा काढून झाकला, थंडीत ठेवला. शंकासुर वहीत लिहीत राहिले. आत्यांनी रिकामी नळी एकदा उजेडात धरून पाहिली, जरा घुटमळल्या, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. डिशेस उबदार कपाटात गेल्या.

“झालं?” शंकासुरांनी विचारलं.

“झालं,” आत्या म्हणाल्या. “आता चहा?”

मंगळवारी सहा डिशेसना मेदाम्लाचा वाटा मिळाला, आणि तासाभराने अंधाऱ्या खोलीत मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिली डिश गेली. खोली नुसती नावालाच अंधारी नव्हती; दाराच्या फटीला काळी पट्टी, दिव्याच्या बटणावर कागद चिकटवलेला. पडद्यावर पेशी उमटल्या. त्यांत एक रंग भरला होता, जो मेद शाबूत असेपर्यंत लाल दिसतो आणि शेपट्या तुटू लागल्या की हिरवा होतो. प्रत्येक पेशी म्हणजे लाल नाजूक जाळीचा एक दिवा, असे शे-सव्वाशे दिवे एकमेकांना टेकून बसलेले. पंचवार्षिकने पिपेटने मारा सोडला आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मॅडम मागे उभ्या. आत्या दाराशी. शंकासुर स्टुलावर.

आठव्या मिनिटाला एका कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग जी गोष्ट आजवर त्या डिशेसमध्ये कधी झाली नव्हती ती झाली. हिरवं पसरू लागलं. एका पेशीतून शेजारणीत, तिच्यातून पुढच्या दोघींत, कुणी फुंकर घालून पुढे ढकलावं तशी एक लाट सबंध चौकटीवरून निघाली. मागे राहिलेल्या पेशी फुगल्या, त्यांना बुडबुडे आले, आणि एकेक विझत गेल्या. पाऊण तासात लाल काही उरलं नाही. इतकं भयंकर आणि इतकं देखणं काही आपण एकाच वेळी पाहतो आहोत हे कुणाला बोलून दाखवता येईना. सहाच्या सहा डिशेस तशाच गेल्या. मेदाम्ल न दिलेल्या सहा निदान अर्ध्यामुर्ध्या तरी टिकल्या.

“आमच्याकडेही असंच झालं,” शंकासुर हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

मॅडम म्हणाल्या, “आज कुणी काही बोलू नका. विशेषतः मी.”

पंचवार्षिक बाहेर पडली ती सरळ काचसामान धुण्याच्या खोलीत गेली, कारण तिथे नळाचा आवाज मोठा असतो आणि रडलं तरी कळत नाही. पण तिथे आत्या आधीच येऊन बाटल्या धुवत होत्या, आणि एकेक बाटली अशी घासत होत्या की काचेचा पापुद्रा निघावा.

“बावीस वर्षं,” आत्या म्हणाल्या. “बावीस वर्षांत माझी डिश अशी गेली नाही. त्या माणसाने काय मागे बसून जीव खाल्ला माझा. सुचू म्हणून दिलं नाही काही.”

“तुमचं काही चुकलं नाही, आत्या. मी वही पाहिली. सगळं लिहिल्याप्रमाणे झालं.”

“झालंच मुळी. लिहिल्याप्रमाणेच झालं.” आत्यांनी बाटली खाली ठेवली. “नाहीतर मी काय पाहुण्यांसमोर नळी विसळत बसणार होते? काय म्हणाले असते ते? एवढी मोठी प्रयोगशाळा आणि थेंबाथेंबाला महाग!”

“कुठली नळी?”

“तेलाची. मेदाम्ल कालवते ती.”

“ती विसळता तुम्ही?”

“अगं, इतकं नाजूक, इतकं जपून आणलेलं, त्याचा तळाशी राहिलेला ओशटपणा टाकून द्यायचा? दर सोमवारी त्यात जरासं गुलाबी पाणी घालते, हलवते, आणि एकेक थेंब देते डिशेसना. उद्या सगळं एकदम अंगावर येणार, तर आदल्या दिवशी जरा चव लागलेली बरी. सवय होते.”

पंचवार्षिकने नळ बंद केला. “सगळ्या डिशेसना?”

“छे! ज्यांना उद्या मिळणार त्यांनाच. ज्यांना मिळायचंच नाही त्यांना कशाला चटक लावायची? मग त्या आशेवर बसणार.”

“आणि हे तुम्ही कधी वहीत लिहिलं नाहीत.”

“यात लिहायचं काय?” आत्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “हात धुतले हे लिहितेस तू?”

पंचवार्षिकने शेजारच्या हातमोज्यांच्या खोक्यावर पेनने आकडे मांडले. नळीत उरतं ते किती, पाणी किती, थेंब केवढा. हिशेब कसाही केला तरी एका थेंबात उद्याच्या मात्रेच्या शंभराव्या भागाइतकंच मेदाम्ल येत होतं.

आत्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “हे बघ पोरी. तो अजून तीन दिवस आहे ना? उद्या परत मांडू म्हणावं. चहाला म्हणून त्याला बाहेर पाठव दोन मिनिटं. मी थेंब टाकते. परवा बघ कशा ठणठणीत राहतात. कुणाला कळायचं नाही.”

इथे मोह फारच साधा होता, आणि साधा मोह सगळ्यांत वाईट. खोटं कुठेच बोलायचं नव्हतं. पेशी खरोखरच जगल्या असत्या, शंकासुरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या असत्या, स्टुलाची घडी घालून ते घरी गेले असते. महिन्याभरात प्रबंध, सहा महिन्यांत पदवी. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि सहा वर्षांत तिने दुसरं फारसं काही केलंही नव्हतं.

ती गप्प बसली सुद्धा. सोळा बाटल्या धुऊन होईपर्यंत बसली. पण तिची नजर खोक्यावरच्या त्या आकड्यावरून हलेना. शंभरावा भाग. एवढ्याशा चवीने पेशीला असं काय कळलं, की दुसऱ्या दिवशी ती आगीत उभी राहावी? प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द नंतर मॅडमनी वापरले. खरी गोष्ट इतकीच, की गप्प बसलं तर हे कधीच विचारता येणार नाही, आणि तिला विचारल्याशिवाय राहवेना.

“आत्या,” ती म्हणाली, “हे त्यांना सांगायला पाहिजे.”

“माझी नोकरी जाईल.”

“गेली तर माझी पदवी जाईल. तुमची नोकरी जाणार नाही.”

“तुला कोण सांगतं?”

“तुमच्याशिवाय पेशी कोण वाढवणार? मी?”

आत्यांनी हात पुसले. “तेही खरंच म्हणा,” त्या म्हणाल्या.

शंकासुर उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर एकटेच जेवत होते. दुसऱ्यांचे निबंध बुडवणाऱ्या माणसाला जेवायला सोबत मिळत नाही, हे त्यांनी फार पूर्वीच स्वीकारलं होतं. पंचवार्षिक समोर जाऊन उभी राहिली.

“सर, आमचा निबंध चुकला आहे. कसा ते मला कळलंय. सांगू का?”

शंकासुरांचा चमचा वाटेतच थांबला. आजवर चौघांनी त्यांच्याशी वाद घातला होता, एकाने वकिलाची भाषा केली होती, एकजण फोनवर रडला होता. आपण होऊन सांगायला कुणी आलं नव्हतं. अशा वेळी चमच्याचं काय करायचं असतं हेच त्यांना कळेना; शेवटी त्यांनी तो खिशात ठेवला.

“बसा,” ते म्हणाले. “आधी बसा. मग सांगा.”

तिने सांगितलं. ते ऐकताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

बुधवारी सगळं नव्याने मांडलं. बारा डिशेस, सगळ्यांना उद्या मेदाम्लाची पूर्ण मात्रा आणि मारा मिळणार. आदल्या दिवशीचा थेंब मात्र फक्त सहांना, आणि त्या कोणत्या ते एकट्या शंकासुरांनाच ठाऊक. आत्यांनी नळीत गुलाबी पाणी घातलं. भर सभेत कुणी उभं करून पाककृती विचारावी तशा त्या लाल झाल्या होत्या.

“किती वेळा हलवता?” शंकासुरांनी वही उघडली.

“किती वेळा म्हणजे? समाधान होईपर्यंत.”

त्यांनी ‘समाधान होईपर्यंत’ असं लिहिलं. मग थोडा विचार करून म्हणाले, “आत्या, मला दाखवता का? मी मोजतो.”

सात वेळा. त्यांनी सात लिहिलं, पण समाधान खोडलं नाही. मग सगळ्यांना बाहेर काढून स्वतःच्या हाताने सहा थेंब टाकले, उरलेल्या सहांत तेवढंच साधं गुलाबी पाणी टाकलं, झाकणांवर अक्षरं लिहिली, आणि यादी पाकिटात घालून पाकीट स्वेटरच्या आत ठेवलं.

गुरुवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत पुन्हा तीच मंडळी. पहिली डिश आली, मारा झाला, आठव्या मिनिटाला हिरवं, आणि मग ती लाट. दुसरीही तशीच. तिसरी डिश ठेवताना मॅडमचं कोपर लागून ती जमिनीवर पडली. मॅडम, ज्या कुणाचं कोपर टेबलाला लागलं तरी लेखी खुलासा मागत, त्या म्हणाल्या, “ही माझी.”

चौथी डिश.

आठ मिनिटं झाली. दहा. कोपऱ्यात हिरवा ठिपका आला. ठिपका जरा मोठा झाला, थरथरल्यासारखा दिसला, आणि विझला. नुसता विझला. जिथे होता तिथे पुन्हा लाल जाळी, जणू कुणी आतून हात फिरवला. दुसरीकडे एक आला, तोही गेला. मग मधोमध एका पेशीत हिरवं खरंच पेटलं, ती फुगली, तिला बुडबुडे आले, ती गेली. हिरवं तिच्या कडेपर्यंत आलं, शेजारणींच्या अंगाला टेकलं, आणि तिथेच थांबलं. सहा शेजारणी होत्या. सहाही लाल. गेलेलीच्या भोवती त्या तशाच दाटून उभ्या राहिल्या, आणि अर्धा तास झाला, तास झाला, हललं नाही काही.

खोलीत यंत्राचा पंखा तेवढा घूं घूं करत होता.

“बाप रे,” मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या इतिहासात याची नोंद नाही, पण बाकी तिघांनी ते ऐकलं.

अकरा डिशेस झाल्यावर शंकासुरांनी पाकीट फोडलं. जगलेल्या पाच, पाचही थेंबवाल्या. मेलेल्या सहा, सहाही थेंबाविना. मॅडमच्या कोपराने गेलेली एक थेंबवाली होती. तिच्यासाठी मॅडमनी “सॉरी” म्हटलं, आणि ते डिशला उद्देशून होतं.

“काय होत असेल हो आत?” आत्यांनी विचारलं.

शंकासुर पडद्याकडेच बघत सावकाश बोलले. “त्या थेंबातल्या थोड्या शेपट्या लगेच तुटत असणार. वाकड्या शेपट्या त्या, तुटायच्याच. त्यांचे बारीक तुकडे पेशीभर फिरतात. पेशीत एक प्रथिन असतं, एरवी त्याला धरून ठेवलेलं असतं. हे तुकडे येऊन टोचले की धरणाऱ्याचा हात सुटतो, आणि ते प्रथिन थेट केंद्रकात जातं. तिथे पोचलं, की जी कपाटं एरवी बंद असतात ती उघडतात. विझवणारी द्रव्यं बनू लागतात. दिवसभरात भांडार भरतं. दुसऱ्या दिवशी पूर आला तरी पेशीने आपलं आवरलेलं असतं.” ते थांबले. “हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वेगवेगळे तुकडे सगळे छापलेले आहेत, मी वाचलेत, शिकवलेत. पण ज्याने जाळायचं त्याच्याच एका थेंबाने ती जाळायच्या आदल्या दिवशी शिकते, हे असं डोळ्यांसमोर…” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. वाक्य अर्धं सोडण्याची त्यांना सवय नव्हती.

“म्हणजे माझा थेंब बरोबर होता,” आत्या म्हणाल्या.

“तुमचा थेंब बरोबर होता. यांचा निबंध चूक होता. आणि माझ्या तिन्ही वेळा मेलेल्या पेशी बरोबरच मेल्या होत्या.” त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. “चार निबंध मागे घ्यायला लावलेत मी. त्यांच्या प्रमुखांना सगळं विचारलं. एकाही ठिकाणी डिशेस कोण सांभाळतं ते विचारलं नाही.”



शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायला सगळे बसले. मॅडम सांगत होत्या, पंचवार्षिक टाइप करत होती, शंकासुर स्टुलावर.

“‘आमचा निष्कर्ष चुकीचा होता,’” मॅडम म्हणाल्या.

“‘अपुरा होता’ असं लिहा की,” शंकासुर म्हणाले. त्यांच्या तोंडून ही सूट कुणाला मिळाली नव्हती. “ते खोटं ठरणार नाही. निबंध कदाचित नुसत्या दुरुस्तीवर निभावेल. मी संपादकांशी बोलेन.”

मॅडमनी पंचवार्षिककडे पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते तिचं हवं होतं.

पंचवार्षिकची बोटं कळांवर थांबली. दुरुस्तीवर निभावलं तर पुढच्या महिन्यात प्रबंध देता येणार होता. मागे घेतला तर थेंबाचा प्रयोग पहिल्यापासून, किती थेंब, किती तास आधी, कोणकोणत्या पेशी, सगळं. निदान दीड वर्ष. घरी सांगायचं होतं. भावाला नवीन नाव शोधावं लागणार होतं.

“आम्ही लिहिलं होतं की पूर्ण मात्रा पेशींना वाचवते,” ती म्हणाली. “ती त्यांना मारते. कुणी ते वाचून आपल्या पेशींना दिलं तर त्या मरतील. चुकीचाच आहे, सर.”

आणि तिने तसं टाइप केलं, छापलं, सही केली. मॅडमनी सही केली. शंकासुरांनी स्टुलाची घडी घातली, पण निघाले नाहीत. “तुमच्या नव्या प्रयोगाला आमच्याकडच्या डिशेसही लागतील,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी झालेलं बरं. माझ्याकडे एक तंत्रज्ञ आहेत, एकोणीस वर्षं आहेत. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही. आज विचारतो.”

ते गेल्यावर पंचवार्षिक अंधाऱ्या खोलीत आली. काल सगळ्या डिशेस पाहून झाल्यावर चौथी डिश पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली उबेत ठेवली होती, दर पाच मिनिटांनी आपोआप चित्र निघत होतं. आता ती काढून खोली दुसऱ्या कुणाला द्यायची होती. आत्या पडद्यासमोर बसल्या होत्या.

“ही बघ,” त्या म्हणाल्या.

काल विझलेल्या पेशीची जागा रिकामी होती. तिच्या कडेला, जिथे येऊन हिरवं थांबलं होतं, तिथल्या एका पेशीने आपले पसरलेले पाय आवरून घेतले होते आणि ती गोल गरगरीत झाली होती. आत काहीतरी सावकाश ओळीत उभं राहत होतं. पंचवार्षिकने खुर्ची ओढली. पाच मिनिटांनी पुढचं चित्र आलं, मग पुढचं. ओळ मधोमध दुभंगली, दोन्ही अर्धे एकमेकांपासून लांब सरकू लागले. पेशीच्या कमरेला चुणी पडली, खोल गेली. काल सकाळी जिच्या अंगाला आग टेकली होती तिचा तो लाल पडदा त्या चुणीवर ताणला, सैल झाला, वळला, कुठे फाटला नाही.

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. वेळ संपली होती.

“थांब म्हणावं,” आत्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “इथे बाळंतपण चाललंय.”

दार पुन्हा ठोठावलं गेलं नाही. चुणी मिटली. रिकाम्या जागेच्या काठावर दोन पेशी झाल्या होत्या, आणि त्यांतली एक हळूहळू पाय पसरून त्या जागेकडे सरकत होती.